सांभाळून घेणे आणि क्षमा करणे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’

भोरहून महाडच्या रस्त्याला लागले, की नीरा देवघर धरणाचे पाणी सोबतीला घेत वाट वरंध घाटाकडे जाते. त्या वाटेवर हिर्डोशी आहे. बांदल देशमुखांचे आणि बाजीप्रभूंचे नाव घेताना जे हिरडस मावळ आपण म्हणतो, ते हेच खोरे. पाऊस अंगावर येणारा, शेती उताराची, भाताची नि नाचणीची. तेवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून घरातला कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईला नाहीतर पुण्याला कामावर. तो सणावारी येतो. मागे राहिलेली बाई घर, गुरे, सासूसासरे आणि पोरे हे सगळे ओढत असते. आता रस्ते झाले, फोन झाले. पण दोन ठिकाणी वाटलेला संसार या डोंगराला नवा नाही.

अशा घरात मुलगी सासरी निघाली म्हणजे तिला एक शिकवण हमखास मिळते. ‘सांभाळून घे गं बाई.’ आई सांगते, मावशी सांगते, शेजारची म्हातारीही सांगून जाते. शिकवण वाईट नाही. चार भांडी एकत्र आली की वाजायचीच. पण सांभाळून घेणे आणि क्षमा करणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तिथे मोठा घोटाळा होतो. सांभाळून घ्यायचे म्हणजे झालेले बोलायचे नाही, गिळायचे, पदराखाली झाकायचे. क्षमेचे तसे नाही. क्षमा करायची तर आधी ‘हे तुम्ही केले, आणि ते मला लागले’ एवढे कुणीतरी म्हणावे लागते. न बोललेल्या गोष्टीची क्षमा कशी करणार?

हा फरक मराठीत सर्वांत स्वच्छ कुठे दिसत असेल, तर तो एका अशा बाईच्या पुस्तकात दिसतो की जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पुस्तक आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण विवाह, कुटुंब, ताटातूट आणि पुन्हा भेट या विषयावरची कुठलीही कादंबरी त्याच्यापुढे ठेवून पाहावी; मला तरी ती फिकी वाटते.

आपल्याकडच्या कादंबरीचा जन्मच मुळी बाईच्या दुःखातून झाला. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. तिच्यात विधवांच्या हकिकती आहेत. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. तिच्यातली यमू आपली कहाणी आपणच सांगते. नवरा चांगला मिळतो, तो जातो, आणि मग घरातली माणसे तिचे जबरीने केशवपन करतात. त्या कादंबरीत क्षमेला जागा नाही, आणि नसावीच. यमूला ‘झाले गेले विसरून जा’ असे कोणी म्हणाले, तर ते दुसऱ्यांदा वस्तरा फिरवल्यासारखे होईल. हे आधीच बोलून ठेवतो, कारण क्षमेचा विषय निघाला की ती नेहमी दुबळ्याच्याच गळ्यात बांधण्याची आपल्याला खोड आहे.

लक्ष्मीबाईंची गोष्ट निराळी. तिथे अपराध करणारा माणूस दुष्ट नाही. तिथेच तर खरी अडचण आहे.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे असे, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्यांच्या सासऱ्यांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली होती आणि त्या धक्क्यातून हे वेड त्यांच्या डोक्यात शिरले, असे लेक सांगते. सगळ्या घराची त्यात फरफट व्हायची. पण लक्ष्मीबाई सांगतात कशा? तर हसत. बापाची टिंगल म्हणून नव्हे. बापाच्या वेडात घर कसे भरडले ते एकही गोष्ट न लपवता सांगतात, आणि तरी वाचणाऱ्याला त्या माणसाची कीव येते. ही त्यांची पहिली क्षमा. पुस्तकाच्या आरंभालाच ती येते आणि पुढे काय ऐकायचे आहे त्याची तयारी करून ठेवते.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक जन्माने वरंध घाटाच्या पलीकडच्या मुलखातले, कोकणातल्या करजगावचे. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता पुष्कळांनी पाठ केली असेल. कवी खरा, विद्वान खरा, मनाचा मोठा. आणि संसाराला अगदी कुचकामी. हातात पैसा टिकायचा नाही. कुणी मागितले की दिले. न मागताही दिले. राग आला की घर सोडून चालते व्हायचे, ते कुठे गेले याचा घरी पत्ता नाही. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. मुले झाली, गेली, दत्तू राहिला. बायकोला अक्षरओळख करून दिली तीही याच टिळकांनी. म्हणजे ज्या हाताने पाटी दिली, त्याच हाताने घर मोडले, असा हा प्रकार.

१८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाची नि टिळकांची गाठ पडली. त्याने टिळकांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, अशी हकीकत आहे. पुढे अभ्यास, वाद, तळमळ हे सगळे झाले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी धर्म बदलावा की नाही हा त्यांच्या अंतःकरणाचा प्रश्न; त्याचा निवाडा करायला आपण बसलेलो नाही. माझा मुद्दा साधा आहे. एवढी मोठी गोष्ट नवऱ्याने केली आणि बायको पोराला घेऊन माहेरच्या माणसांत होती. एका दिवसात ती सधवाही राहिली नाही नि विधवाही झाली नाही. कुंकू आहे, पण घर नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही.

त्या काळात याचा अर्थ काय होता, हे आजच्या ऐकणाराला थोडे समजावून दिले पाहिजे. ब्राह्मणाच्या घरात सगळा व्यवहार चुलीभोवती नि पाण्याभोवती फिरायचा. धर्म बदललेला माणूस स्वयंपाकघराच्या दृष्टीने मेलेला. त्याच्याजवळ जाऊन राहणारी बाई आपल्या आईबापांना, बहिणींना, पुढे मुलाच्या लग्नकार्यालाही मुकणार. आणि कायदा? १८६६ सालचा २१ वा कायदा असा होता, की नवराबायकोपैकी एकजण ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने दुसऱ्याने सहा महिने सहवास सोडला, तर ख्रिस्ती झालेल्याला न्यायालयात जाता येई. न्यायालय दुसऱ्याला विचारी, विचार करायला वर्षाची मुदत देई, आणि तरी नकार राहिला तर लग्न मोडीत निघे. दावा करण्याची सोय फक्त धर्मांतर केलेल्याला. मागे राहिलेल्याला नाही. म्हणजे मोकळे व्हायचे तर टिळकांना होता येत होते. लक्ष्मीबाईंना त्या कायद्याने काही दिले नव्हते.

टिळकांनी तो रस्ता धरला नाही. दुसरा रस्ता, बायकोला कायद्याने ओढून आणण्याचा, तोही त्या काळात गाजत होता. रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ चालला. १८८७ साली न्यायालयाने त्यांना सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. टिळकांनी हेही केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले.

इथून पुढची पाच वर्षे पुस्तकाचा गाभा आहेत. लक्ष्मीबाई कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या. पंढरपुरासही राहिल्या. दुखणी काढली, वेड लागायची पाळी आली. आजूबाजूची माणसे वाईट नव्हती. जीव लावणारीच होती. पण प्रत्येकाचे मत ठरलेले. कुणी म्हणे, तो मेला असे समज. कुणी म्हणे, तिच्या दैवात असेल ते. सांभाळून घ्या म्हणणारे तर असतातच. त्यात या बाईने एक गोष्ट केली, ती लहान दिसते पण लहान नव्हे. नवऱ्यावरचा राग तिने नवऱ्यावरच ठेवला. देवावर, दैवावर, मिशनऱ्यांवर ढकलून दिला नाही. तुम्ही मला सांगितले नाही, तुम्ही मला सोडून गेलात. हे गाऱ्हाणे सबंध पुस्तकभर त्या माणसाच्या नावावर राहते. आणि त्याच माणसासाठी जीव तुटतो हेही त्या लपवत नाहीत. दोन्ही एकाच पानावर.

हे वाचताना मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी, मावळ, भोर, वेल्हे अशा डोंगरी भागातून आणि पुढे महाराष्ट्रभर हिंडून एक लाखावर ओव्या गोळा करविल्या. हजाराहून अधिक गावांतल्या बाया त्यांत बोलल्या आहेत. भाऊ, आई, लेक, विठ्ठल यांच्यावर त्या भरभरून गातात. भ्रताराविषयी मात्र, मला वाटते, आवाज जपून लावतात; कौतुक असले तर मोकळे, गाऱ्हाणे असले तर आडून. पहाटेच्या अंधारात दगडाला सांगितलेले ते बोलणे. दगड कुणाला सांगत नाही. लक्ष्मीबाईही त्याच जात्याच्या पिढीतल्या. जात्याला सांगायचे ते त्यांनी कागदाला सांगितले, आणि तेही नवऱ्याचे नाव घेऊन. पुस्तकभर त्या त्यांना ‘टिळक’ म्हणतात. ‘आमचे हे’ नाही, ‘इकडून’ नाही. त्या काळच्या बाईने नवऱ्याला आडनावाने संबोधून त्याच्या चुका जगापुढे मांडाव्यात, आणि वाचून संपल्यावर वाचणाऱ्याच्या मनात त्या माणसाविषयी आदर उरावा, ही करामत कशी झाली असेल?

मला वाटते, ती त्यांच्या परतण्यात आहे. कादंबरीत असे प्रसंग आले म्हणजे एक देखावा असतो: दार उघडते, बाई उंबऱ्यात, पुरुष पायाशी, डोळ्यांत पाणी, प्रकरण संपले. इथे असे काही नाही. इथे क्षमा हप्त्याहप्त्याने होते. शेवटी दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई टिळकांजवळ राहायला आल्या, पण आल्या त्या आपल्या अटीवर. चूल निराळी. पाणी निराळे. माझा धर्म मी पाळीन, तुमचा तुम्ही पाळा. टिळकांनी ते मुकाट्याने मान्य केले आणि पाळले. या गृहस्थाला शिस्त कधी माहीत नव्हती. पण बायकोच्या सोवळ्याला धक्का लागू नये म्हणून तो जपू लागला. ज्याने एकदा न विचारता सगळे केले होते, तो आता विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नव्हता. क्षमा मागायची याहून सरळ रीत मला माहीत नाही. शब्द वापरले असतील-नसतील. वागण्यात ती उतरली.

दोन चुलींचा हा संसार नगरात चालला. त्याच्या गमतीजमती पुस्तकातच वाचाव्यात. आजूबाजूला निरनिराळ्या जातींतून आलेले ख्रिस्ती लोक, मिशनची माणसे, आणि मधोमध ही सोवळे नेसून पाणी भरणारी बाई. ती चुकते, चिडते, फजीत होते, आणि आपल्या फजितीवर सर्वांच्या आधी आपणच हसते. मग एक दिवस मनाशी विचार करता करता तिला वाटते, की ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने? उत्तर तिचे तीच काढते आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागते. नवऱ्याने वाद घालून हे घडवले नाही. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. तोवर चुली एक झालेल्या होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. पुष्कळ जणी म्हणतात, शेवटी वळली कोण? बायकोच. नवरा आपल्या जागी राहिला, ती आपला गोतावळा सोडून त्याच्याकडे गेली. मग ही क्षमा म्हणायची की हार? आक्षेपात तथ्य आहे. १८९५ च्या समाजात नवऱ्याने परत वळायचे म्हटले असते तरी ते सोपे नव्हते. पण बाईपुढे तर दोनच वाटा होत्या आणि दोन्हींवर काटे. हे पुस्तकाने झाकलेले नाही. तरी मी हार म्हणणार नाही. हरलेले माणूस हिशेब ठेवीत नाही, आणि या बाईचा हिशेब चाळीस वर्षांनीसुद्धा पक्का आहे. पहिला भाग १९३४ साली निघाला. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे चांगलेच बोलावे असा रिवाज. या बाईने चांगले तर सांगितलेच, पण त्यांनी कोणत्या दिवशी घरात दाणा नसताना कुणाला काय देऊन टाकले तेही सांगून टाकले. सांभाळून घेणारीने हे सगळे पोटात ठेवले असते.

शिवाय टिळक काही बदलले नाहीत हो! नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच. आली ती पोरे सांभाळायची, आला तो माणूस जेवायला बसायचा. बालकवी ठोमरे याच घरात राहिले, वाढले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे लाड मुलासारखे केले, आणि १९१८ साली रेल्वेच्या अपघातात ते गेले. आणि १९१७ साली टिळकांनी आणखी एकदा सगळे उधळून दिले. मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला. संसाराच्या भाषेत याचा अर्थ, ठरावीक पैसे बंद. पण १८९५ सारखे हे घर या वेळी मोडले नाही. मधल्या बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांशी बोलायची, भांडायची आणि भांडण संपवायची एक रीत पाडून घेतली होती. ही माणसे भांडत पुष्कळ. अबोला मात्र त्यांना फार वेळ जमत नसे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अर्धेमुर्धेही झाले नव्हते, सुरुवातीचे काही अध्याय तेवढे हाताशी. ते पुरे करायला बसल्या त्या लक्ष्मीबाई, आणि बहुतेक सगळे त्यांनीच लिहिले. ज्या धर्मापायी घर मोडले, त्याच्यावरचे काव्य त्या बाईच्या हातून पुरे व्हावे!

शेवटी वाचणारांसाठी दोन गोष्टी. भाषेची भीती बाळगू नये. वाक्ये आखूड आहेत, घरात बोलावी तशी. हिर्डोशीच्या ओसरीवर कुणी मोठ्याने वाचले तर कामातल्या बाईलाही कळतील. सगळे पुस्तक एका दमात होणार नाही. जलालपूरच्या सोवळ्यापासून सुरुवात करावी, हसू येईल, आणि हसत हसत १८९५ पर्यंत पोचावे. तिथे थोडे थांबावे लागते. सुनेने वाचावे, सासूने ऐकावे, आणि जमले तर सुट्टीवर घरी आलेल्या मुलालाही ऐकायला बसवावे. इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली आहेत, पण मराठी माणसाला त्यांची गरज नाही. पुस्तकाचे चार भाग आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा चौथा भाग छापून व्हायचा होता. तो त्याच साली त्यांच्या मागे निघाला. हातावेगळा केला तो देवदत्तांनी, म्हणजे त्या पाच वर्षांत आईचे बोट धरून या घरातून त्या घरात हिंडलेल्या दत्तूने.